बटण दाबा, बाकीचे तुमचे तुम्ही बघा

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात. प्लासी १७५७, पानिपत १७६१. या सनावळ्या गुरुजींनी छडीच्या धाकाने आमच्याकडून पाठ करून घेतल्या. पण दिव्याचे बटण कोणी आणि कधी केले, हा प्रश्न एकाही गुरुजींनी कधी विचारला नाही. वास्तविक पानिपताशी माझा रोजचा संबंध येत नाही. बटणाशी येतो. सकाळी डोळे चोळीत गीझर लावण्यापासून रात्री पाय पसरून दिवा मालवण्यापर्यंत माझ्यासारखा मध्यमवर्गीय माणूस दिवसाकाठी पन्नास बटणे तरी दाबतो. म्हणजे, पूर्वी दाबत होता. हल्ली बटणाची मनधरणी करावी लागते. अशा वेळी कोणी तरी या बटणाची बखर लिहायला हवी होती. तज्ज्ञ मंडळी नवीन बटणे शोधण्यात गुंतलेली असल्यामुळे ते काम माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाकडे आले आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला विजेतले काय कळणार, असे कोणी म्हणेल. कबूल आहे. पण जमा आणि नावे एवढे मला कळते. यंत्राने वाचवलेले कष्ट जमेला धरायचे, लावलेले नवे कष्ट नावे टाकायचे आणि खाली रेघ मारून शिल्लक काढायची. एवढ्या भांडवलावर इतिहास लिहिता येतो.

तर ऐका. इंग्लंडात न्यूकॅसल गावी जॉन हेन्री होम्स नावाचे एक गृहस्थ होते. शेरलॉकचे हे कोणी नव्हेत. शेरलॉक छापून आला १८८७ साली आणि या होम्सनी आपला पराक्रम त्याच्या तीन वर्षे आधीच, १८८४ मध्ये गाजवला. त्या काळी विजेचे दिवे नुकतेच आले होते आणि ते मालवणे हे धाडसाचे काम होते. विजेच्या वाटेतले दोन पत्रे सावकाश दूर केले, तर वीज मधल्या फटीतून उडी मारते, ठिणगी पडते आणि पत्रे जळून जातात. होम्सनी आत एक स्प्रिंग बसवली. तुम्ही कळ कितीही रेंगाळत फिरवा, एका टप्प्यानंतर ती स्प्रिंग तुमच्या हातून काम काढून घेते आणि पत्रे झटक्यात दूर करते. विजेला उडी मारायला सवडच मिळत नाही. ‘टक्’ असा आवाज होतो आणि काम संपते. तुमच्या आमच्या भिंतीवर आयुष्यभर ऐकू आलेला तो ‘टक्’ या गृहस्थांच्या घराण्यातला.

लोकांना या गोष्टीची सवय लावणे मात्र सोपे नव्हते. अमेरिकेतल्या हॉटेलांच्या खोल्यांत त्या काळी पाट्या लावीत. खोलीत विजेचा दिवा आहे, काडी ओढून पेटवायला जाऊ नये, दाराशेजारची कळ फिरवावी, असा त्यांचा मजकूर असे. या दिव्याने प्रकृतीला अपाय होत नाही आणि झोपही बिघडत नाही, असा दिलासाही खाली दिलेला असे. मला त्या पाटीचे फार कौतुक वाटते. सगळी माहितीपुस्तिका दोन-तीन ओळींत संपली! हल्लीच्या चांगल्या हॉटेलात उतरलेल्या माणसाला अशी पाटी कोणी लावीत नाही. तो बिचारा रात्री साडेअकरा वाजता उशाशी असलेल्या तेरा कळा क्रमाने दाबून पाहतो. पडदे उघडतात, पंखा फिरतो, नोकर येतो. पण कपाटाखालचा तो निळा दिवा काही मालवत नाही. शेवटी तोंडावर टॉवेल टाकून झोपतो. या दिव्याने झोप बिघडत नाही, असे आता कोणीही छातीठोकपणे लिहून देणार नाही.

होम्सच्या एक वर्ष आधीची, १८८३ सालची गोष्ट. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा वर्ग रंगात आला की शिपाई आत शिरे, थंडी किती आहे ते पाही आणि तळघरात भट्टी कमीजास्त करायला निघून जाई. वर्ग बंद पाडणारे विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या नशिबी असतात, इथे शिपाईच बंद पाडीत होता. जॉन्सननी भिंतीवर एक उपकरण लावले. खोली तापली किंवा निवली की तळघरात घंटा वाजे आणि शिपाई तिथल्या तिथे भट्टी पाही. शिपाई तोच, भट्टी तीच. मधली ये-जा तेवढी वाचली. ज्याला अडचण होती, त्यानेच उपाय काढला आणि अडचणीएवढाच काढला. पुढे याच उपकरणाच्या पायावर त्यांनी मोठी कंपनी उभारली.

नंतर १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा विकायला काढला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली. तुम्ही फक्त बटण दाबायचे, बाकीचे आम्ही बघतो, अशा अर्थाची त्यांची जाहिरात जगभर गाजली. आणि त्यांनी ते खरोखरच बघितले. फिल्म संपली की कॅमेरा जसाच्या तसा रोचेस्टरला पाठवायचा. ते फोटो काढून द्यायचे आणि नवी फिल्म भरून कॅमेराही परत द्यायचे. काय सुरेख करार आहे! एक वाक्य, दोन पक्ष, कामाची वाटणी स्पष्ट. आता ‘मी अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत’ यापुढे आपण जी खूण करतो, तेवढी खोटी सही बँकेत कोणी केली तर त्याची चौकशी होईल.

येथपर्यंत सगळे जमेला होते.

नावे पडायला सुरुवात झाली ती आळसापासून. शिकागोच्या झेनिथ कंपनीने १९५० मध्ये टीव्हीला दूरवरून चालवण्याचे एक यंत्र काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘लेझी बोन्स’, म्हणजे आपल्या भाषेत ऐतोबा. हा ऐतोबा टीव्हीला वायरने बांधलेला असे. ती वायर दिवाणखान्याच्या मधोमध पसरे आणि घरातली माणसे तिच्यात पाय अडकून पडत. उठायचे कष्ट वाचले, पडायचे वाढले. मग १९५५ मध्ये यूजीन पॉली यांनी बिनवायरीचा ‘फ्लॅश-मॅटिक’ काढला. बॅटरीसारखा झोत टीव्हीच्या चार कोपऱ्यांपैकी एकावर मारायचा. एका कोपऱ्याने आवाज बंद होई, दुसऱ्याने चॅनेल बदले. यात अडचण एकच होती. उन्हे खिडकीतून आत आली की साक्षात सूर्यनारायण टीव्ही पाहू लागत आणि मनाला येईल तसे चॅनेल बदलत.

यातून शहाणपण निघाले ते १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलर यांच्या ‘स्पेस कमांड’मध्ये. या रिमोटमध्ये बॅटरीच नव्हती. आत ॲल्युमिनियमच्या चार कांड्या आणि त्यांच्यावर आपटणारी हातोडी. बटण दाबले की कांडी माणसाला ऐकू न येणाऱ्या सुरात वाजे आणि टीव्ही तो सूर ओळखी. एखाद्या जलतरंगवाल्याला रिमोट करायला सांगितला असता तर त्याने यापेक्षा वेगळे काय केले असते? बॅटरी का नको, याचे कंपनीच्या विक्रेत्यांनी दिलेले कारणही ऐकण्यासारखे आहे. बॅटरी संपली तर गिऱ्हाईक म्हणेल टीव्हीच बिघडला. गिऱ्हाइकाच्या अज्ञानाची एवढी काळजी वाहणारे विक्रेते होऊन गेले, हे वाचून माझे डोळे भरून आले. आमच्या घरात रिमोट चालेनासा झाला की तो प्रथम तळहातावर आपटतात, मग सेल काढून तेच सेल जागा बदलून घालतात, मग पुन्हा आपटतात. या विधीत प्लॅस्टिकचे वेष्टन मात्र काढायचे नाही, कारण रिमोट नवा राहिला पाहिजे. आता टीव्हीचा एक, त्याखालच्या डब्याचा एक आणि स्पीकरचा एक अशी तीन अपत्ये सोफ्यावर लोळत असतात. बातम्या लावायला दोन माणसे लागतात. एक दाबणारा आणि एक ‘तो नव्हे, तो दुसरा’ म्हणणारा.

पुढचा अध्याय आपोआप चालणाऱ्या घराचा. ही कल्पना किती जुनी आहे आणि तिचे पुढे काय होणार, हे बस्टर कीटनने १९२२ सालीच ‘द इलेक्ट्रिक हाउस’ या मूकपटात दाखवून ठेवले आहे. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर चुकून विजेचा इंजिनियर समजला जातो आणि एका श्रीमंताच्या घराला विजेवर चालवतो. सरकता जिना, रुळांवरून ताटे आणणारी आगगाडी, सगळा थाट. मग खरा इंजिनियर चिडून वायरी बदलतो आणि ते घर घरातल्यांच्याच अंगावर उठते. चित्रपट गंमतीचा आहे. पण त्याच्या चित्रीकरणात त्या सरकत्या जिन्याने कीटनचा पाय खरोखरच मोडला होता.

माणसे मात्र चित्रपटातून शिकत नाहीत. १९६९ साली हनीवेल कंपनीचा स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर अमेरिकेतल्या नीमन मार्कस या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये आला. किंमत १०,६०० डॉलर. काम काय, तर पाककृती सांगणे. समोर पडदा नाही, अक्षरे नाहीत. नुसत्या कळा आणि लुकलुकणारे दिवे. गृहिणीने प्रश्न शून्य आणि एकच्या भाषेत विचारायचा आणि उत्तर पेटलेल्या दिव्यांवरून ओळखायचे. त्यासाठी दोन आठवड्यांचे शिक्षण किमतीतच धरलेले होते. म्हणजे घरच्यांना भूक लागली की पंधरा दिवस थांबा. आमच्या आईला आमटीत मीठ किती असे विचारले की ती म्हणते, ‘अंदाजाने.’ या दोन यंत्रणांपैकी अधिक प्रगत कोणती ते वाचकांनीच ठरवावे. त्या कॉम्प्युटरचा एकही नग घरगुती वापरासाठी विकला गेल्याची नोंद नाही.

१९७६ मध्ये जपानात व्हीएचएस पद्धतीचा व्हिडिओ आला आणि जगभरच्या दिवाणखान्यांत बारा वाजले. शब्दशः वाजले. त्या यंत्राच्या घड्याळाची वेळ लावणे इतके अवघड होते की कितीतरी घरांत ते वर्षानुवर्षे १२:०० असेच लुकलुकत राहिले. आपल्याला हे जमत नाही म्हणजे आपणच अडाणी, असे लोक निमूटपणे समजत होते. १९८८ मध्ये डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहून लोकांना सांगितले की, बाबांनो, दार ढकलायचे की ओढायचे हे कळत नसेल तर दोष तुमचा नाही, दाराचा आहे. असे सांगायलाही एक प्राध्यापक जन्माला यावा लागला.

घरातल्या वस्तूंना एकमेकींशी बोलायला शिकवले ते १९७५ मध्ये स्कॉटलंडातल्या एका कंपनीने. एक्स-१० असे तिच्या पद्धतीचे नाव. घरात मुळात असलेल्या विजेच्या तारांमधूनच दिव्यांना निरोप धाडायचे. युक्ती नामी होती. प्रत्येक घराने सोळा अक्षरांपैकी एक अक्षर घ्यायचे. शेजाऱ्याने नेमके तेच घेतले की त्याच्या बटणाने कधी कधी आपला दिवा लागे. चाळीत वाढलेल्या माणसाला यात वावगे काही वाटणार नाही.

पण तेव्हा निदान निरोप घरातल्या घरात किंवा फार तर शेजारी जाई. आता तो सातासमुद्रापार जाऊन येतो. ७ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या कॉम्प्युटरांत बिघाड झाला आणि लोकांच्या घरातले केर काढणारे यंत्रमानव जागच्या जागी बसून राहिले, दाराच्या कॅमेऱ्यांनी कोण आले ते सांगायचे सोडले. पलंगाखालचा केर काढायला व्हर्जिनियाची परवानगी! त्याच्याही आधी, मे २०१६ मध्ये, ‘रिव्हॉल्व्ह’ नावाच्या उपकरणाची कथा घडली. घरातली सगळी स्मार्ट यंत्रे सांभाळणारा हा डबा लोकांनी सुमारे ३०० डॉलर मोजून घेतला होता. ती कंपनी गूगलच्या कुटुंबातल्या नेस्टने विकत घेतली आणि एके दिवशी सेवा बंद केली. डबा बिघडला नव्हता. त्याचा श्वास तेवढा काढून घेतला. आमच्या खात्यात याला काय म्हणावे ते मला अजून ठरवता आलेले नाही. वस्तू जमेला आहे, पण वस्तू नाही.

आणि ज्यूसेरो? २०१६ साली ६९९ डॉलरला निघालेले हे फळांचा रस काढायचे यंत्र. त्यात फळे घालायची नाहीत. कंपनीने चिरून दिलेली पिशवी घालायची. यंत्राला वायफाय लागे. पिशवीवरचा शिक्का वाचून तिची मुदत संपलेली नाही ना, हे ते इंटरनेटवर विचारून घेई आणि मगच पिळी. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या वार्ताहरांनी ती पिशवी नुसत्या हातांनी पिळून दाखवली. रस जवळजवळ तेवढाच निघाला. त्याच सप्टेंबरात कंपनी बंद पडली. लिंबू पिळणाऱ्या कोणत्याही मराठी मुलाला हे त्यांनी आधी विचारायला हवे होते.

इथपर्यंतचा इतिहास हसण्यावारी नेण्यासारखा आहे. पण परदेशातला इतिहास हळूहळू आपल्या घरी येतो. आम्ही राहायला गेलो त्या नव्या इमारतीत बिल्डरने प्रत्येक खोलीत बटणांऐवजी काळ्या काचेच्या गुळगुळीत पाट्या बसवून दिल्या होत्या. दिसायला छान. बोट टेकवले की दिवा. शिवाय फोनवरूनही चालतात. सगळे घर खूश होते, एक आई सोडून. जुन्या घरात ती रात्री उठली की अंधारात भिंत चाचपीत जाई, हाताला बटणांची रांग लागे, डावीकडून तिसरे ते दाबी आणि दिवा लागे. डोळ्यांचे काम बोटेच करीत. नव्या घरात तिने भिंत चाचपली आणि एकदम तीन दिवे लागले, पंखा बंद झाला आणि सगळे घर जागे झाले.

‘अरे, मी काही केलं नाही रे,’ ती म्हणाली. ‘नुसता हात लावला.’

खरी गोम इथे आहे. चाचपणे आणि दाबणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे साध्या बटणाला कळते. काचेला कळत नाही. ती स्पर्शालाच हुकूम समजते. होम्सच्या स्प्रिंगला तुमचा विचार पक्का होईपर्यंत थांबायची सभ्यता होती.

त्यानंतर आईने दिव्यांना हात लावायचे सोडले. मी एका संध्याकाळी बँकेतून आलो तर ती अंधारात बसलेली. नातू क्लासला गेलेला आणि फोनवरचे घर त्याच्या खिशात. ‘अगं, दिवा का नाही लावलास?’ मी विचारले.

‘राहू दे. अंधारात डोळ्यांना बरं वाटतं.’

ते खोटे होते. जिने पन्नास वर्षे एक घर चालवले, स्टोव्हच्या पिनेपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळे सांभाळले, तिला दिव्यासाठी कोणाला तरी विचारावे लागत होते आणि विचारायची तिला लाज वाटत होती. साध्या बटणाचा हा मोठेपणा आपल्या कधी लक्षात आला नाही. ते घरच्या धन्यालाही ओळखत नाही आणि पाहुण्यालाही नाही. लहान मूल, म्हातारे माणूस, पहिल्यांदाच घरी आलेला साडू, जो दाबेल त्याचा दिवा लागतो. त्याला पासवर्ड लागत नाही.

आणि हा प्रश्न केवळ म्हाताऱ्या माणसांचा आहे असेही नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेची ‘जॉन एस. मकेन’ ही युद्धनौका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० खलाशी प्राणाला मुकले. चौकशीत जी कारणे निघाली त्यांत अपुरे शिक्षण होते, थकवा होता, आणि सुकाणू व वेग चालवणारे काचेचे पडदेही होते. सुकाणू निकामी झाले अशी खलाशांची समजूत झाली. प्रत्यक्षात त्याचा ताबा एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर गेला होता. दोन पंख्यांपैकी एकाचाच वेग कमी होत आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले नाही. हाताला दोन दांडे लागले असते तर एक पुढे आणि एक मागे आहे हे अंधारातसुद्धा कळले असते. २०१९ मध्ये अमेरिकी आरमाराने जाहीर केले की वेगासाठी हातात धरायचे दांडे परत बसवणार. युरोपात मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६ च्या नियमांतही हेच आहे. वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि संकटात मदत मागायची कळ, यांना हाताला लागणारे बटण नसेल तर गुण कापले जातात. अशी सुबुद्धी सुचायला घरापेक्षा मोठे काही तरी आदळावे लागते.

आमच्या घरी हा नियम जरा आधीच लागू झाला. आईने कोपऱ्यावरच्या वायरमनला स्वतःच बोलावून घेतले. तो काचेच्या पाटीकडे पाहून म्हणाला, ‘आजी, भारी माल आहे हा. कशाला काढता?’

‘तो राहू दे तुमच्या साहेबांना,’ ती म्हणाली. ‘माझ्या खोलीत साधं बटण बसव. हाताला लागलं पाहिजे आणि दाबलं की टक् वाजलं पाहिजे.’

वायरमनने पिशवीतून बटणे काढली आणि एकेक करून वाजवून दाखवली. तिसऱ्याचा आवाज तिला पसंत पडला. आता रात्री कधी जाग आली तर पलीकडच्या खोलीतून ‘टक्’ ऐकू येते, जरा वेळाने पुन्हा एकदा येते, आणि मी कूस बदलतो.